धाकटीचा गळा

गाडी दारात येऊन उभी राहिली होती, पॅकिंगच्या लांब टेबलावर जेवणाची ताटं मांडून झाली होती, आणि दादा फडक्याला हात पुसत मधलीच्या तोंडाकडे बघत होता. कौतुकाची वाट बघणारा माणूस कसा दिसतो हे ज्याला पाहायचं असेल त्यानं त्या घटकेला दादाकडे बघावं. सहासष्ट वर्षांचा बाप्या, पण चेहरा पहिला नंबर काढून घरी आलेल्या पोराचा.

मधली मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती.

कारखान्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पाच पुतळे ओळीनं उभे होते. आई, दादा, वहिनी, मधली स्वतः आणि धाकटी. अंगाला चिकटून बसणारे पातळ कपडे घालून घरातल्या पाच जणांनी पाळीपाळीनं साच्यात उभं राहून दिलेली ही त्यांचीच रूपं. महिन्यापूर्वी मधली इथून गेली तेव्हा ती रूपं जशी होती तशी आता नव्हती. आईची पाठ सरळ झाली होती. वहिनीचं पोट आत गेलं होतं. धाकटीच्या गळ्यावरचा ऑपरेशनचा आडवा व्रण नाहीसा झाला होता. आणि दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं, जी पंचवीस वर्षांपूर्वी इथल्याच करवतीनं नेली होती, ती चक्क जागेवर होती.

"कसं?" दादानं विचारलं.

"दादा, हे काय केलंस?"

"पूर्ण केलं. तू अर्धवट टाकून गेली होतीस ना. आठवडाभर दुसरं कामच घेतलं नाही. पोरीनं दुकानदारांचे फोन घेतले, मी हे घेऊन बसलो." त्यानं मोठ्या मायेनं आईच्या पुतळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "शिवण शोधून दाखव. सापडली तर नाव बदलीन."

शिवण म्हणजे साच्याचे दोन अर्धे जिथं जुळतात तिथं पुतळ्याच्या अंगावर उठणारी बारीक उभी धार. डोक्यापासून टाचेपर्यंत. ती जशीच्या तशी ठेवायची, व्रण ठेवायचे, पोक ठेवायचं, काही म्हणजे काही झाकायचं नाही, असं मधलीनं दहादा बजावलं होतं. दुसरा कुठलाही कारखाना असता तर त्यानं मान डोलावून सांगितल्याप्रमाणे माल दिला असता. त्यांना काय पडलं होतं? पण हे घर दुकानांच्या काचेत उभ्या राहणाऱ्या पुतळ्यांवर तीन पिढ्या जेवलं होतं. आजोबांनी मेणाची मुंडकी केली, बाबांनी प्लास्टरची धडं, दादानं फायबरचे अख्खे पुतळे. 'शिवण दिसली की पुतळा बाद' हे इथल्या मुलांना बाराखडीच्या आधी पाठ व्हायचं. शिवण ठेव म्हणणं म्हणजे दादाला शेंबडं नाक घेऊन लग्नाला जा म्हणण्यासारखं होतं.

"मी काय सांगितलं होतं तुला?" मधली म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच वहिनीनं हातातला डाव खाली ठेवला.

"सांगितलं होतंस. पण ते तू घाईत सांगितलंस."

"घाईत? चार महिने सांगत होते!"

"अगं, लोक बघायला येणार. परवा उद्घाटन. आपल्या कारखान्यातून असा माल गेला तर लोक काय म्हणतील? ह्याला आता धार घासायची पण जमत नाही?" दादाला खरोखरच कळत नव्हतं की ही चिडली कशाला. "रंग तेवढा राहिलाय. एक हात मारला की ही पुट्टी पण दिसणार नाही. रंगाची गन भरून ठेवलीय."

पुट्टी. मधलीला आत्ता तिचा रंग दिसला. पुतळ्यांचं फायबर मळकट पांढरं होतं आणि दादानं जिथं जिथं दुरुस्ती केली होती तिथं राखाडी पुट्टीचे डाग होते. आईच्या पाठीवर रुंद पट्टा, वहिनीच्या पोटावर परातीएवढं ठिगळ, दादाची दोन बोटं नखांसकट राखाडी, धाकटीच्या गळ्यावर एक डाग. कुणाचं काय सुधारलं ह्याची ओरडून साक्ष देणारे डाग. फक्त तिच्या स्वतःच्या पुतळ्यावर काहीच नव्हतं. शिवण होती, कपाळावरच्या आठ्या होत्या, मोडून वाकडं बसलेलं नाक होतं.

"आणि माझा का सोडलास?"

दादानं मान खाजवली. "तुझं कुठून सुरू करू तेच कळेना."

वहिनी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. मधली हसली नाही. हा टोला तिला कधीचा ओळखीचा होता.

ह्या घरात मधलीचं सगळंच कुठून सुरू करावं कळेना अशातलं. एकोणिसाव्या वर्षी पुतळ्यांचे चेहरे रंगवण्याचं काम सोडून ती घराबाहेर पडली आणि चित्रकार झाली. चित्रकार म्हणून जरा कुठे नाव व्हायला लागलं तर कॅनव्हास सोडून तिनं कापड धरलं. जुन्या पडद्यांचे, चादरींचे खोलीएवढे तंबू शिवले. मग कॅमेरा. बाबांचे हात प्लास्टर कालवताना, नुसते हातच, असा तिचा पाऊण तासाचा सिनेमा परदेशात बक्षीस घेऊन आला, बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "प्लास्टर जरा पातळ झालंय." मग आवाज. करवतीचा, घासण्याचा, शिट्टीचा, जेवणाच्या सुट्टीतल्या शांततेचा. एका कामात जम बसला की ती दुसरं धरायची. टीकाकारांना तिला कुठल्या खणात ठेवावं कळत नव्हतं आणि बाबांना मुळी खणच सापडला नव्हता. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले होते, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक जण लागेल तेव्हा तिला ते ऐकवत आला होता. म्हणून आता साठीच्या उंबरठ्यावर शहरातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहालयानं पाच दालनं दिली तेव्हा तिनं प्रदर्शनाचं नाव ठेवलं 'भाराभर चिंध्या'. घ्या म्हणावं.

चार दालनांत तिचं आजवरचं सगळं होतं. पाचव्यात हे पाच पुतळे. खरं सांगायचं तर पाचव्यासाठीच तिनं होकार दिला होता. आयुष्यभर लोक विचारत आले होते, बाई, तुम्ही नक्की आहात कोण? चित्रकार, शिल्पकार, की आणखी काही? तिला त्यांना ह्या शेडमध्ये आणून उभं करायचं होतं. मी ह्या माणसांतली आहे आणि ही माणसं अशी आहेत, शिवणीसकट. आणि तिच्या सख्ख्या भावानं पॉलिशपेपर घेऊन ते उत्तर पुसून टाकलं होतं.

"जेवून घ्या आधी," आई टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई पोकामुळे ताटावर ओणवी झाल्यासारखी दिसे. "भांडण कुठे पळून जात नाही. भाजी गार होते."

"आई, तू बघितलंस का त्यानं तुझं काय केलंय?"

"बघितलं की. सकाळपासून बघतेय." आईनं घास गिळला. "मला आवडलं."

"आई!"

"का? तुझ्या बाबांशी लग्न झालं तेव्हा मी अशीच होते. ताठ. पुढं तुम्ही तिघं आणि ह्या प्लास्टरच्या गोण्या. एक डाव तरी लोकांनी मला सरळ बघू दे."

दादानं विजयानं मधलीकडे बघितलं. वहिनीनं त्याच्या ताटात भाजी वाढली ती जरा जोरातच.

"आईंचं ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांना विचारलं असेल. अहो, मला कुणी विचारलं होतं? माझं पोट कापून आत घेतलं ते कुणाच्या परवानगीनं?"

"तुझं पोट कापलं नाही, पुतळ्याचं कापलं."

"तो पुतळा कुणाचा? शेजारणीचा? चाळीस वर्षं काही बोलला नाहीत आणि आता सगळ्या गावासमोर सांगायला निघालात की बायकोचं पोट सुटलंय!"

"अगं, सुटलेलं झाकलं ना मी!"

"झाकलं की सांगितलं? ते ठिगळ बघा जरा. आंधळ्यालाही दिसेल."

"रंग मारला की नाही दिसणार!" दादा कळवळून म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय, रंग मारू द्या मला."

टेबलाच्या टोकाला दादाची मुलगी बसली होती. कारखाना आता तीच चालवत होती. हिशेबी, कमी बोलणारी, बापाचे हात आणि आईची जीभ असलेली पोर. तिनं फोन खाली ठेवला.

"आत्या, साचे आहेत अजून. पण नवीन ओतायचे म्हटलं तर परवापर्यंत होणार नाहीत. आणि घासलेली शिवण परत उठत नाही. वरून काढली तर ती खोटी."

"खोटी शिवण मी लावणार नाही," मधली म्हणाली.

"मला वाटलंच. आणि अजून एक. संग्रहालयातून फोटो मागितला होता, मी सकाळी पाठवला. त्यांच्या क्युरेटर बाईंचे तीन फोन येऊन गेलेत."

मधलीनं डोळे मिटले. मग उघडले आणि दादाकडे वळली. "तू असं कसं केलंस रे? आईचं समजू शकते, बोटांचं पण समजू शकते. पण ह्याची सुरुवात कुठून झाली? कधी नव्हे ते माझ्या सांगण्याबाहेर जायचं तुला सुचलं कसं?"

दादानं ताटात बघितलं. वहिनीनं दादाकडे बघितलं. भाची पाण्याच्या ग्लासात बघायला लागली. ह्या घरात कुणाला तरी वाचवायचं असलं की सगळ्यांना एकदम ताटं-वाट्या दिसायला लागत.

"मी सांगितलं त्याला," धाकटी म्हणाली.

ती आतापर्यंत बोललीच नव्हती. धाकटी एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, पन्नाशी उलटलेली, बाराही महिने उंच गळ्याचे कपडे घालणारी. आवाज ऑपरेशननंतर थोडा घोगरा झालेला, तरी त्या आवाजानं हजार मुलं चिडीचूप बसत.

"मी दादाला म्हटलं, माझ्या गळ्यावरची रेघ काढ. बाकीचं त्यानं आपल्या मनानं केलं."

"हातात पॉलिशपेपर घेतला की हात थांबत नाही माझा," दादा पुटपुटला. "हिचा गळा झाला तर शेजारी आई तशीच वाकलेली. बरं नाही दिसलं ते."

"तू हो म्हणाली होतीस," मधली धाकटीला म्हणाली. "साच्यात उभी राहिलीस तेव्हा. मी तुला विचारलं होतं, व्रण राहू देऊ? तू हो म्हणालीस."

"म्हणाले होते."

"मग माझ्या पाठीमागे कशाला?"

"कारण तोंडावर तुला नाही म्हणून कुणाचं चाललंय आजवर?"

हे मात्र टेबलावर सगळ्यांना एकदम पटलेलं दिसलं. आईनंसुद्धा मान हलवली. मधली ताटावरून उठली. ती उठली की पुढं काय होतं हे माहीत असल्यानं वहिनीनं तिच्या हाताजवळची काचेची बरणी हळूच सरकवून घेतली. पण तेवढ्यात फोन वाजला आणि मधलीनं तो उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"मॅडम, फोटो बघितला," क्युरेटर म्हणाली. चांगली मुलगी होती, मधलीच्या कामावर खरा जीव असलेली. पण तिच्या डोक्यावर संचालक होते. "हे आपण ठरवलं होतं ते नाही. माहितीपत्रकात छापलंय की अंगावरच्या खुणा आणि शिवणी आहेत तशा. इथं तर सगळं झाकलेलं आहे."

"मला दिसतंय."

"संचालक म्हणतात, दोन मार्ग आहेत. पाचही पुतळे एकाच पांढऱ्या रंगानं रंगवा. दुरुस्ती दिसणार नाही, आणि आपण त्याला 'पारंपरिक व्यवसायाला वंदन' असं काहीतरी म्हणू. नाहीतर पाचवं दालन बंद ठेवू. ते म्हणतात चार दालनं पुष्कळ झाली."

"पुष्कळ झाली म्हणतात?"

"मॅडम, शब्द माझे नाहीत."

"दोन तासांत सांगते," म्हणून मधलीनं फोन बंद केला.

"वंदन कर," दादा आशेनं म्हणाला. "चांगलं नाव आहे."

"दादा, गप्प बस."

ती पुतळ्यांकडे गेली. डोकं भणभणत होतं. मेल्यांना पांढरं पाहिजे! तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीतलं कुठलं आधी हे ठरवायच्या आत तिचा हात आईच्या पुतळ्याच्या पाठीवरच्या राखाडी पट्ट्यावर टेकला. थंड, गुळगुळीत. दादानं पाठ आडवी कापून, मधे पाचर बसवून, किती जपून जुळवली होती. एवढं जपून ह्या घरात आईला कुणी कधी सरळ केलं नव्हतं. ती पुढं सरकली. वहिनीचं ठिगळ. दादाची बोटं. बोटांपाशी ती थांबली. नखांच्या कडेची कातडीसुद्धा कोरली होती बाप्यानं. करवतीनं नेलेली बोटं पंचवीस वर्षांनी आठवून आठवून.

हे पुसलेलं नाही, तिच्या मनात आलं. हे तर बोलतंय. शिवण ठेवून ती जे सांगणार होती त्याच्यापेक्षा जास्त. माणसं अशी आहेत, आणि आपल्या माणसाला ती कशी असावीशी वाटली, ते दोन्ही एका अंगावर.

"रंग नाही मारायचा," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकलंत का? एक थेंब नाही. असेच जातील. पुट्टीसकट."

"डागाडागाचे?" दादा ओरडला.

"डागाडागाचे!"

"बघितलं?" वहिनी दादाला म्हणाली. तिला मधलीचा निर्णय किती कळला देव जाणे, पण दादाच्या विरुद्ध होता एवढं तिला पुरेसं होतं. "मी मधलीच्या बाजूची. ठिगळ दिसू दे. आणि खाली पाटीवर लिहा, हिला विचारलं नव्हतं."

"लिहीन, वहिनी. तुमची शपथ, लिहीन."

"मग माझ्या गळ्याचं काय?" धाकटीनं विचारलं.

ती पुतळ्यांजवळ येऊन उभी होती. शेजारी तिचंच रूप, मान वर केलेलं, गळ्यावर राखाडी डाग. व्रण बारीक रेघेएवढा होता. डाग तळहाताएवढा होता.

"व्रण परवडला," धाकटी म्हणाली. "तो निदान जवळ आल्याशिवाय दिसत नव्हता. हे रंगवलं नाहीस तर दारातून दिसेल. बोट दाखवल्यासारखं."

"अगं, पण त्यातच तर सगळं आहे. तुला काय झालं होतं ते आणि दादाच्या जिवाला काय वाटलं ते..."

"ताई, मला माहीत आहे मला काय झालं होतं. मी तिथे होते."

 पण मधली थांबणाऱ्यातली नव्हती. "लाजायचं काय आहे त्यात? वाचलीस तू! मी असते तर..."

"तू असतीस तर सोन्याची माळ लावून मिरवलं असतंस. ठाऊक आहे. पण तू नाहीस, मी आहे." धाकटीचा घोगरा आवाज तसाच होता, चढला नाही. "एक बोलू? तू त्या दुकानाच्या काचेत बसली होतीस तेव्हाचं."

सगळ्यांनी माना वर केल्या. तीस वर्षांत हा विषय धाकटीनं कधी काढला नव्हता. मधली तिशीत असताना कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या शोकेसमध्ये, आपल्याच कारखान्याच्या पुतळ्यांच्या मधे, घरातल्या गाउनवर आठवडाभर बसली होती. भाजी निवडत, जांभया देत, पाय खाजवत. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. आणि धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाच्या आईनं तिथूनच नवरीचे कपडे घ्यायचं ठरवलं होतं.

"बरं झालं मोडलं ते," वहिनी मधे म्हणाली. "टकला झाला नंतर तो."

"वहिनी, जरा थांबा." धाकटी मधलीकडेच बघत होती. "मी त्या आठवड्यात रोज येऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहायचे. तुला माहीत नाही. लग्न मोडलं तरी येत होते. मला राग आला होता, पण अभिमान पण वाटला होता. आपली ताई कुणाच्या बापाला भीत नाही म्हणून. म्हणून मी कधी तुला काही बोलले नाही. कारण ते तुझं अंग होतं. तुला वाटलं, तू मांडलंस. ह्या वेळी तू माझं मांडतेस. फरक आहे की नाही, सांग."

मधलीकडे उत्तरांची कधी वाण नव्हती. मुलाखतींत, सभांत, संचालकांच्या केबिनमध्ये तिनं भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. आता ती धाकटीच्या डोळ्यांकडे बघत होती. तिला लाज वाटली. साच्यात उभं राहून धाकटी हो म्हणाली तेव्हा तिचे डोळे कुठे होते हेसुद्धा आपण बघितलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. आपण गळा बघत होतो.

"आहे," ती म्हणाली. "फरक आहे."

धाकटी बहुतेक आणखी भांडायच्या तयारीनं आली होती. ती गोंधळून नुसती उभी राहिली.

"हिला रंग मारू," मधली म्हणाली. "पूर्ण. दुकानात ठेवतात तशी, एक डाग नाही, एक रेघ नाही. बाकीच्यांनी आपापलं सांगा. आज विचारतेय, पुन्हा म्हणू नका विचारलं नाही. आई?"

"मला सरळच ठेव."

"रंग?"

आईनं विचार केला. "नको. पट्टा दिसू दे. दादानं एवढं केलं, ते लोकांना कळायला नको?"

"वहिनींचं झालं. दादा?"

दादानं आपला खरा उजवा हात बघितला, मग पुतळ्याचा. घसा खाकरला. इतका वेळ रंग रंग करणारा माणूस, आता हिरमुसल्यासारखा उभा होता.

"माझी बोटं राहू देशील?"

"तुझी आहेत."

"मग रंग नको." त्यानं राखाडी नखांवरून अंगठा फिरवला. "रंगवली की वाटेल साच्यातूनच आली. ही हातानं केलीत. डाव्या हातानं केलीत, उजव्यानं आता एवढं बारीक होत नाही. दिसू देत."

भाचीनं घड्याळ बघितलं आणि फोन मधलीच्या हातात दिला. "लावलाय."

"ऐका," मधली क्युरेटरला म्हणाली. "पुतळे निघतायत. चार बिनरंगाचे आहेत, त्यातल्या तिघांवर पुट्टी तशीच दिसेल. एक पूर्ण रंगवलेला. आणि पाटीवर नाव माझ्या एकटीचं नाही, माझ्या भावाचंही."

पलीकडे कागद सळसळले. "मॅडम, एकच रंगवलेला? मग सगळी कल्पनाच मोडते. बघणारा विचारणार, हा एकच का झाकला?"

"विचारू दे."

"आपण काय सांगायचं?"

"सांगायचं, तिनं नको म्हटलं."

"संचालक नाही ऐकणार. करारात कलाकार म्हणून तुमचं एकटीचं नाव आहे. ते म्हणतील पाचवं दालन बंद."

"मग चारही बंद करा."

वहिनीच्या हातातला चमचा खाली पडला. दादा "अगं, अगं" करत पुढे आला तसं मधलीनं त्याला हातानंच थोपवलं.

"मॅडम, असं नका बोलू. तुमचं आयुष्यभराचं काम आहे त्या चार दालनांत!"

"म्हणूनच बोलतेय. ते सगळं काम ह्या शेडमधून आलंय. ह्या माणसांना दारात ठेवून मी आत मिरवणार नाही. शेवटचं दालन नसेल तर पहिलंही नाही. चित्रं उतरवा, तंबू गुंडाळा, मी गाडी आता रिकामी पाठवते, ती भरून परत येऊ दे."

"निमंत्रणं गेलीत, मॅडम."

"मग तर बरंच आहे. आलेल्यांना कारण सांगा. पटेल असं शोधा."

  दादा मधलीकडे बघत होता. हिच्या चिंध्यांवर तो आयुष्यभर हसला होता, आणि ही बया त्या सगळ्याच्या सगळ्या त्याच्या दोन बोटांसाठी उकिरड्यावर टाकायला निघाली होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यानं रागाचं तोंड केलं.

"मॅडम," शेवटी क्युरेटर म्हणाली, "पाटीवर नावं कशी लिहू? तुमचं आधी की भावाचं?"

"त्याचं. मोठा आहे."

आईनं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "आता कुणी भात वाढता का?"

रंगाच्या खोलीत पुतळा नेला तेव्हा दादानं गन उचलली. धाकटीनं ती त्याच्या हातातून घेतली आणि मधलीला दिली. "तू मार," ती म्हणाली. मधलीनं तोंडाला फडकं बांधलं आणि कामाला लागली. पायापासून वर, दादा मागून "हात हलका ठेव, ओघळ येईल" असं सांगत असताना, आणि ती "मला शिकवू नकोस" म्हणत असताना, पण हात हलका ठेवूनच. गुडघे, कंबर, खांदे. गळ्याशी आल्यावर तिनं श्वास धरला आणि तीन पातळ हात दिले. राखाडी डाग फिका झाला, मग नाहीसा झाला.

झटपट वाळणारा रंग होता. पुतळा बाहेर उजेडात आणून ठेवला तेव्हा जेवणं उरकली होती आणि ड्रायव्हर बाकीच्या चौघांना गुंडाळायला जाड फडकी घेऊन दाराशी उभा होता. ठिगळांच्या, शिवणीच्या, पट्ट्यांच्या त्या कुटुंबात ही एकटी बाई काचेतून उतरून आल्यासारखी चकचकीत, निर्दोष.

धाकटी तिच्याभोवती एक चक्कर मारून समोर येऊन उभी राहिली. 

"खोटी दिसते," ती म्हणाली.

 मधलीच्या जिभेवर आलं होतं की अजून वेळ गेलेली नाही, थिनरच्या फडक्यानं पुसता येईल, खाली सगळं आहे. तिनं ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल.

"असू दे खोटी," धाकटी म्हणाली. "माझी आहे."

मग ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात ड्रायव्हरकडे वळली. "ही आधी चढवा. कमरेला धरा, खांद्याला धरा. गळ्याला हात लावायचा नाही."